पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र: न उघडलेल्या शवाची भरपाई द्या

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

2001 च्या अखेरीस मंत्रालयात एक संशयास्पद पाकीट आलं होतं. अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेल्याच्या बातम्या तेव्हा रोज छापून येत होत्या. तिथे 22 जण आजारी पडले, त्यातले 5 दगावले. इथेही खळबळ उडाली आणि अँथ्रॅक्स हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. मी त्या वेळी एका तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात घटसर्प, फऱ्या यांच्या ओळीत हाच रोग ‘फाशी’ या नावाने लिहिलेला होता. माणसाला झाला की त्यालाच काळपुळी म्हणतात. त्या दिवसांत लोक मला विचारायचे, टपाल उघडायचं की नाही? गोठ्यात मेलेली म्हैस उघडायची की नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे हा रोग पाकिटातून येत नाही, मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या जनावरातून येतो. जंतू रक्तात असतो तोवर तसा नाजूक असतो. शव बंद राहिलं तर आतल्या कुजण्यातच तो काही दिवसांत मरतो. सुरी लागली, रक्त सांडलं, हवा लागली की त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली झोपलेली रूपं, होतात. मग ऊन, पाऊस, नांगर कशालाच ते दाद देत नाहीत. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1942 मध्ये मेंढ्यांवर या जंतूचे प्रयोग केले. ते बेट सुरक्षित जाहीर व्हायला 1990 साल उजाडलं, तेही जमिनीत 280 टन फॉर्मॅल्डिहाइड जिरवल्यावर. आपल्या गायरानात कोण एवढं औषध ओतणार आहे?

माणसाला होणारी बहुतेक लागण, शंभरातली पंच्याण्णव, हाताच्या, मानेच्या, चेहऱ्याच्या कातडीतून होते. कातडं सोलताना हाताला बारीकशी जखम असली तरी पुरते. आधी डास चावल्यासारखी खाज सुटते, मग पाण्याचा फोड येतो, भोवती सूज चढते आणि मधोमध कोळशासारखी खपली धरते. पुळी दुखत नाही, म्हणून माणूस कामाला जात राहतो. कुणी ती सुईने फोडतं, कुणी डाग देतं. वेळेवर साधं प्रतिजैविक मिळालं तर यातला रुग्ण जवळजवळ हमखास वाचतो, आणि नाही मिळालं तर शंभरात दहा ते वीस दगावतात. तेच मांस पोटात गेलं तर धोका कितीतरी वाढतो. रक्ताची उलटी, रक्ताचे जुलाब, पोटात पाणी, आणि शंभरात पंचवीस ते साठ मृत्यू. श्वासातून फुप्फुसात गेलेला रोग तर अमेरिकेतल्या उत्तम रुग्णालयांनाही 2001 मध्ये आवरला नाही. तसे 11 रुग्ण होते, पाचही मृत्यू त्यांतलेच. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला की मग फारसं काही हातात उरत नाही.

ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यात वर्षानुवर्षं माणसं या रोगाने आजारी पडत आली आहेत आणि तिथेही गोष्ट बहुतेक वेळा मेलेल्या जनावराच्या मांसापाशीच येऊन थांबते. आंध्र, तेलंगण, कर्नाटकात जनावरांमध्ये साथी येतात. मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या धनगरांना राज्याची सीमा माहीत असते, बीजाणूंना नसते.

मंत्रिमहोदय, शव उघडणारा माणूस अडाणी आहे असं समजून आजवर पत्रकं छापली गेली. मी तीस वर्षं गोठ्यांत उभा राहिलो आहे, मला तसं वाटत नाही. संध्याकाळपर्यंत चरणारी म्हैस रात्री थरथरायला लागते, ताप चढतो, श्वास लागतो. मालकाला कळतं की ही सकाळ बघत नाही. तिच्यावर सोसायटीचं कर्ज असतं. श्वास आहे तोवर खाटकाला बोलावलं तर चार पैसे तरी हाती येतात, नाहीतर खड्डा खणायची मजुरीही अंगावर. शेळी-मेंढीच्या बाबतीत तर वाटे पडून घरोघर पोचायला तासभर लागत नाही. हा हिशेब उपाशी माणसाचा आहे, तो पत्रकाने कसा बदलेल?

आणि मेलेलं जनावर ओढायचं, सोलायचं काम आपण पिढ्यान्पिढ्या कुणावर लादलं, हे वेगळं सांगायला नको. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितलं, ते माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी. आजही हे काम ज्यांच्या वाट्याला येतं त्यांच्या हातात ना हातमोजे असतात, ना त्यांच्या अंगावरच्या काळ्या खपलीची कुठे नोंद होते.

आता सरकारी कागदाकडे वळतो. विम्याच्या दाव्याला शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. फाशीचा नुसता संशय असला तरी शव उघडायचं नाही, हे पशुवैद्यकाला शिकवलेलं असतं. नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त, फुगलेलं आणि न ताठरलेलं अंग, एवढं दिसलं की सुरी खाली ठेवायची, कानाच्या शिरेतला थेंब काचपट्टीवर घ्यायचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. तासाभराचं काम. पण मालक हात जोडून म्हणतो, “साहेब, पोस्टमार्टेम करा, नाहीतर माझे पैसे बुडतील.” माझ्या नोकरीत अशा विनवणीपुढे सुरी चाललेली मी पाहिली आहे. आणखी एक कबूल करतो. खड्ड्यात चुना टाका असं मी शेकडो जणांना सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना मात्र चुना नको म्हणते, कारण त्यातल्या कॅल्शियममुळे बीजाणू उलट जास्त टिकतात. त्या खड्ड्यांवर आज जनावरं चरत असतील.

2022 मध्ये लम्पीने जनावरं मेली तेव्हा सरकारने दुधाळ गायीला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये दिले. एरवी मरतूक लपवणारी माणसं पंचनाम्यासाठी स्वतः दवाखान्याच्या दारात उभी राहिलेली मी पाहिली. फाशीसाठीही तेच करा. जनावर मेल्याचं कळवलं आणि शव बंद ठेवलं, तर त्या बंद शवाची भरपाई म्हैस, शेळी, मेंढी सगळ्यांना, आणि कानाच्या रक्ताची काचपट्टी हाच त्याचा पुरावा. विमा कंपन्यांनाही तोच पुरावा मान्य करायला लावा. 2009 च्या केंद्रीय कायद्याने या रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक केलंच आहे. त्या खबरेची किंमत मालकाने एकट्याने मोजावी असं त्यात कुठे म्हटलं आहे?

1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन आला की पथकाने शव जाळण्याचं किंवा चुन्याशिवाय खोल पुरण्याचं काम आपल्या खर्चाने करावं, खड्ड्याची जागा ग्रामपंचायतीच्या दप्तरी लिहावी आणि त्या गावात दरवर्षी लस टोचावी. ही लस 1937 पासून जगाला ठाऊक आहे, महागही नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रालाही कळवावं, म्हणजे न दुखणारी काळी पुळी घेऊन कुणी आलं तर डॉक्टर आधी विचारतील, गावात जनावर मेलं होतं का?

दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात खुरटं गवत मुळासकट ओरबाडताना जनावरांच्या तोंडात माती जाते आणि तिच्यासोबत हे बीजाणूही. शासन निर्णय त्याआधी निघावा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक