दादाची वाट बघत बसू नका, तुमचे तुम्ही फिरून या

प्रिय आई, बाबा,

हे पत्र दादाला मेल केलंय आणि त्याला सांगितलंय की मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, कारण बाबा मोबाईलवर चार ओळींच्या पुढे वाचत नाहीत आणि आई अर्धं वाचून लगेच फोनच लावते. तर दोघांनी बसून नीट वाचा, मग फोन करा.

काल आई म्हणाली की आम्ही दिवसभर खिडकीतून रस्ता बघतो, दादा-वहिनी ऑफिसला, शनिवार-रविवारी कुठे नेलं तर नेलं, नाहीतर मॉल. मला खरंच राग आला. तुमच्यावर नाही, पण आला. अख्खी मुंबई पालथी घातलेली माणसं तुम्ही, गर्दीच्या वेळी परळला उतरून बाजार करून घरी येणारी, आणि तिकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जाऊन घरात बसलाय? बाबांचं म्हणणं मला माहितीये, "तिथे काय बघायचं, आपल्याकडे किल्ले काय कमी आहेत." आणि आईचं म्हणजे रस्ता चुकलो तर काय. म्हणून मी तुम्हाला एक वॉक सांगते. मागे दादाकडे आले होते तेव्हा वहिनी घेऊन गेली होती मला, आणि चालताना सारखं वाटत होतं की हे या दोघांना दाखवायला पाहिजे. चढ जवळजवळ नाहीच, जिथून निघता तिथेच परत येता, आणि एका बाजूला नदी, एका बाजूला कालवा, त्यामुळे हरवायचं म्हटलं तरी कठीण.

गावाचं नाव ब्रॅडफर्ड ऑन एव्हन. दादाच्या घराजवळून बस स्टेशनला जाते, ब्रिस्टल टेंपल मीड्सला, तिथून गाडी, बाथ शहराच्या पुढे, साधारण अर्धा तास. तिकीट काढताना मशीनवर "ऑन एव्हन"वालं निवडा, कारण नुसतं ब्रॅडफर्ड म्हणजे तिकडे वर यॉर्कशरमध्ये वेगळंच मोठं शहर आहे. सोमवारी जाऊ नका, आईचा श्रावणी सोमवारचा उपास आणि वर पाच किलोमीटर चाल, नको. मंगळवार-बुधवार बघा.

स्टेशनवरून आधी गावातल्या पुलाकडे जा, पाच मिनिटं पण नाहीत. दगडी पूल आहे, त्यातल्या दोन कमानी तेराव्या शतकातल्या, बाकीचा नंतर वाढवलेला. पुलाच्या मध्येच एक छोटीशी दगडी खोली बाहेर आलेली दिसेल, वर घुमट, घुमटावर वारा दाखवणारा मासा. ती कोठडी होती. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना रात्रभर आत टाकायचे, आणि गावातले लोक म्हणायचे अमका "माशाच्या खाली आणि पाण्याच्या वर" आहे. मला हे फार आवडलं.

पण बाबा, तुम्ही त्या पुलावर थांबा जरा. हे सगळं गाव लोकरीच्या कापडावर उभं राहिलं. आधी घरोघरी हातमाग, मग नदीकाठी मिल. आणि 1791 मध्ये तिथल्या एका कापडवाल्याने लोकर पिंजायचं नवीन मशीन आणलं, म्हणजे तुमचं कार्डिंगच हो, तर आपलं काम जाणार म्हणून कामगारांचा जमाव त्याच्या घरावर गेला, दगडफेक झाली, त्याने आतून गोळ्या झाडल्या, तिघं मेले. शेवटी त्याला ते मशीन जमावाच्या हवाली करावं लागलं आणि लोकांनी ते ह्याच पुलावर आणून जाळलं. वहिनी सांगत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे तुमच्या मिलमधलं कार्डिंग खातं, तुमचा तो खोकला, आणि 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला त्यानंतरचे तुम्ही आणि तुमचे दोस्त नाक्यावर उभे राहायचात ते सगळं, जे मी फक्त आईकडून ऐकलंय. तुमचा संप मशीनविरुद्ध नव्हता, पगार-बोनसचा होता, माहितीये मला, लगेच दुरुस्त करू नका. पण तिथे उभं राहून तुम्हाला काय वाटतं ते मला ऐकायचंय. नदीच्या कडेला ज्या उंच दगडी मिल दिसतात त्यातल्या एकात 1848 पासून रबराचा कारखाना सुरू झाला, स्टीफन मोल्टन नावाचा माणूस होता, आणि त्याच्याच पणतूने, ॲलेक्स मोल्टनने, पुढे त्या छोट्या मिनी गाडीचं रबराचं सस्पेन्शन बनवलं. म्हणजे लोकर गेली तर रबर आलं. आता रबर पण गेलं, आणि मिलमध्ये लोक राहतात. आपल्याकडे मिलच्या जागी काय आलं ते तुम्हाला मी सांगायला नको, खाली उतरलात की दिसतंच.

पूल ओलांडून नदीच्या पलीकडे एक अगदी छोटं चर्च आहे, सेंट लॉरेन्स, साधारण हजार वर्षांपूर्वीचं. आत जा. अरुंद, उंच, अंधारं, आणि वर भिंतीत दोन देवदूत कोरलेत आडवे उडताना. याची गंमत अशी की मधल्या काळात हे चर्च आहे हेच लोक विसरले होते! आजूबाजूला घरं चिकटली, आत कोणी राहायचं, कधी शाळा भरायची, आणि 1850 च्या दशकात गावातल्या पाद्रीबाबाच्या लक्षात आलं की ही घरं नाहीत, हे तर जुनं चर्च. आईला हे नक्की आवडेल, तिथे बाकडं आहे, पाच मिनिटं टेका.

मग पादचारी पुलावरून नदीच्या अलीकडे या आणि नदीकाठाने रेल्वेखालून चालत राहा, बार्टन फार्मला पोचाल. इथे ते धान्याचं कोठार आहे, टाइथ बार्न म्हणतात, आणि हे मात्र घाईत बघायचं नाही. चौदाव्या शतकातलं, 51 मीटर लांब, म्हणजे आपल्या चाळीच्या गॅलरीपेक्षा कितीतरी लांब, आणि आत एकही मधला खांब नाही. वर सगळी ओकची लाकडं एकमेकांत अडकवलेली, आणि त्यावर दगडाची कौलं, अंदाजे 100 टन वजन म्हणतात. मान मागे टाकून बघताना बाबांची टोपी पडेल, धरून ठेवा. तिकीट नाही, फुकट आहे, हे बाबांसाठी मुद्दाम लिहितेय.

कोठार होतं शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाचं, त्या काळात इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत मठांपैकी एक. आजूबाजूची शेती त्यांची, तिचं धान्य इथे यायचं, आणि रयतेकडून पिकाचा दहावा हिस्सा वसूल व्हायचा तो पण. बाबा, दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या सरदेशमुखीएवढाच. पुढे आठव्या हेन्रीने मठच बंद करून टाकले, हा मठ 1539 मध्ये गेला, आणि कोठार शेतकऱ्यांकडे राहिलं.

आई, तू आत गेलीस की मोठे दरवाजे बघ. भरलेली गाडी सरळ आत यावी एवढे उंच, आणि समोरासमोर आहेत. मध्ये मोकळी फरशी. तिथे मळणी करायचे, आणि दोन्ही दारं उघडली की आरपार वारा, त्या वाऱ्यावर धान्य उफणायचं, कोंडा उडून जाणार, दाणा खाली. मी तिथे उभी राहिले तर खरंच वारा लागतो अंगाला. आजीच्या खळ्यात सुपातून भात कसं ओतायची ती, तू सांगायचीस ना, वारा पडला की शीळ घालायची, तेच सगळं आठवलं. भिंतींना उभ्या बारीक फटी आहेत, त्या हवा खेळती राहावी म्हणून.

कोठारावरून वर चढलात (एवढाच काय तो चढ, हळू चढा) की कालवा. लगेच उजवीकडे वळू नका, आधी डावीकडे थोडं जा, तिथे लॉक आहे. बाबा, ह्याच्यासाठीच तुम्हाला पाठवतेय खरं तर. कालव्याचं पाणी एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला कितीतरी खाली, मध्ये दगडी हौद आणि दोन्हीकडे लाकडी दरवाजे. बोट हौदात येते, मागचे दरवाजे बंद, मग बोटवाली बाई खाली उतरून हातातलं हँडल लावून कटकट कटकट दात्यांवरून फिरवते, खालच्या झडपा उघडतात, पाणी खळाळत जातं आणि बोट बसल्या जागी खाली खाली. पाणी सारखं झालं की दरवाज्याच्या लांब दांड्याला पाठ लावून पायाने रेटायचं, तेव्हा कुठे दरवाजा हलतो. मोटर नाही, काही नाही. लोक उभे राहून बघतात, आणि बोटवाले रेटायला हात लावू देतात, फक्त विचारून लावा आणि कडेला उभे राहू नका, तिथे दगड बुळबुळीत असतो. जवळच कॅफे आहे, आईने चहा तिथेच प्यावा, दूध वेगळं मागून घ्या.

हा कालवा म्हणजे केनेट अँड एव्हन, रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत 87 मैल, म्हणजे 140 किलोमीटर. खोदायला सुरुवात ह्याच गावात झाली 1794 मध्ये, आणि पूर्ण व्हायला 1810 उजाडलं. इंजिनियर जॉन रेनी. कोळसा, दगड, धान्य, सगळं बोटीतून, बोट ओढायला काठावरून घोडा, म्हणून तर काठाने ही वाट आहे जिच्यावरून तुम्ही चालणार. मग रेल्वे आली. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 1852 मध्ये कालवाच विकत घेतला, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावायच्या आदल्या वर्षी, आणि रेल्वेला कालवा चालवण्यात काय इंटरेस्ट, हळूहळू माल गाडीने जायला लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लॉक मोडले, पाणी आटलं, झाडं उगवली. सरकार बंदच करायला निघालं होतं. पण तिथल्या लोकांनी संस्था काढली, सुट्टीच्या दिवशी येऊन चिखल उपसला, पैसे जमवले, कित्येक वर्षं, आणि 1990 मध्ये राणीच्या हातून परत सुरू झाला. आपल्याकडे मिठी नदी बघून मला हे आठवतं, पण जाऊ दे, तो वेगळा विषय आहे आणि बाबा त्यावर तासभर बोलतील.

आता लॉककडे पाठ करून त्याच वाटेने सरळ चालत सुटा, कोठार उजव्या हाताला खाली राहील. वाट सपाट, पक्की. बोटी बांधलेल्या असतात, काही लोक त्यातच राहतात, छतावर कुंड्या, सायकली, सरपण. खिडकीतून आत डोकवायचं नाही, आई, तुला सांगतेय. मागून सायकलवाला घंटी वाजवेल, कडेला व्हा, पाण्याच्या बाजूला नको. आता ऑगस्टमध्ये कडेच्या झुडपांवर काळी ब्लॅकबेरी आलेली असेल, ती खाल्ली तरी चालते, कमरेच्या वरची तोडा, कारण खालची कुत्र्यांची. आणि दातेरी पानांची ती हिरवी झुडपं असतात त्यांना हात लावू नका, भयंकर आग होते.

साधारण दोन-अडीच किलोमीटरवर एव्हनक्लिफ. इथे कालवा नदीवरून जातो. म्हणजे खाली नदी, नदीच्या कडेने रेल्वे, आणि दगडी पुलावर पाणी, त्या पाण्यातून बोट चाललीय. पूल 1801 मध्ये झाला. तीन कमानी, आणि बाबा, मधली कमान बघा, ती बांधल्यावर थोड्याच काळात बसली, आजही तो पोक डोळ्याने दिसतो. रेनीसाहेबाचा पूल आणि कमान बसलेली! पण दोनशे वर्षं उभा आहे. दुरुस्त्या खूप झाल्या, शेवटी आतून काँक्रीट घातलं तेव्हा गळती थांबली.

पुलाच्या खाली नदीकाठी एक जुना पब आहे, बाहेर बाकडी टाकलेली. पब म्हटलं म्हणून बिचकू नका, लोक नातवंडं घेऊन बसतात, तुम्ही लिंबू सरबत घ्या आणि बटाट्याच्या चिप्स, श्रावण मोडत नाही. डबा मात्र तिथे उघडू नका, थेपले-लोणचं आधीच कालव्याच्या काठी बाकावर बसून खाऊन घ्या.

इथे ठरवायचं. बाबांचा गुडघा ठीक असेल तर पबच्या बाजूने नदीकाठाची वाट धरा, शेत, थोडी झाडी, आणि मग परत बार्टन फार्म आणि स्टेशन. पाऊस झाला असेल तर ह्या वाटेवर चिखल असतो, मग सरळ कालव्याच्याच वाटेने मागे या. आणि गुडघा बोलायला लागला तर पूल ओलांडून पलीकडे एव्हनक्लिफ स्टेशन आहे, एवढंसं. गाडी आपणहून थांबत नाही, बसला करतो तसा हात करायचा ड्रायव्हरला. सगळ्या गाड्या तिथे नसतात, तेव्हा वहिनीकडून वेळा कागदावर लिहून घ्या, नेटच्या भरवशावर राहू नका.

दादाला मी सांगितलंय की तू मध्ये पडू नकोस, रजा काढतो वगैरे म्हणायचं नाही. तो काळजी करेल, करू दे. फोन चार्ज करून न्या आणि बाबा, बूट घाला, सँडल नाही. नी-कॅप आईच्या निळ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, मीच ठेवलीय, त्यावरून भांडू नका.

इकडे सगळं ठीक. पाऊस लागून राहिलाय, खाली मंडळाचा मांडव पडलाय आणि रात्री अकरापर्यंत ठोकाठोक चालते. तुळस हिरवीगार आहे. लाईट बिल भरलं.

तुमची,
सोनू

ता. क. बाबा, लॉकचा दरवाजा रेटतानाचा व्हिडिओ आईला काढायला लावा, आडवा धरून, आणि बोट काचेवर न ठेवता.