‘हाताला आराम द्या’ हा सल्ला निम्माच बरोबर आहे

संपादक महोदय,

कोपर किंवा मनगट दुखू लागले, की आरोग्याच्या सदरांतून ठरलेला सल्ला छापून येतो: हाताला आराम द्या, बर्फ लावा, मलम चोळा, फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. बैठे काम करणाऱ्याचे यावर भागते. पण ज्याचे काम हातोडा, पाना, करवत, थापी किंवा फावडे धरल्याशिवाय होतच नाही, त्याला आराम करा म्हणणे म्हणजे काम सोडा म्हणणे. ते परवडत नाही, म्हणून तो वेदनाशामक गोळी घेतो आणि तसेच रेटतो. शिवाय आठ-पंधरा दिवस हात बांधून ठेवल्याने दुखणे थांबले, तरी पहिल्याच जड दिवशी ते परत येते. असे का होते आणि काम चालू ठेवून काय करता येते, हे सविस्तर छापले जावे म्हणून हे पत्र.

सर्वांत जास्त आढळते ते कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे. त्याला टेनिस एल्बो म्हणतात, पण तो होणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. बोटे मिटणारे स्नायू मनगटालाही आत ओढतात. मूठ आवळताना मनगट आत वळू नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू त्याला उलट दिशेने ताणून धरतात आणि त्यांचे मूळ कोपराच्या बाहेरच्या हाडावर असते. म्हणजे पकड बोटांची असली, तरी प्रत्येक पकडीचा ताण त्या हाडाच्या टोकावर येतो. तिथली कंडरा, म्हणजे स्नायूचे हाडाला चिकटलेले टोक, वर्षानुवर्षांच्या ताणाने आतून झिजते आणि तिचे तंतू विस्कळीत होतात. सूज हा त्यातला छोटा भाग. म्हणूनच सूज उतरवणाऱ्या गोळीने ठणका कमी होतो, कंडरा दुरुस्त होत नाही. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश सुधारते. सुधारायला तिला बेताचा ताण लागतो. पूर्ण आरामात ती आणखी कमकुवत होते.

ओळखायची सोपी रीत अशी: हात सरळ ठेवून, तळहात खाली करून खुर्ची पाठीला धरून उचला. कोपराच्या बाहेर कळ आली, तर बहुधा हेच दुखणे. तळहात वर करून वजन उचलताना किंवा मनगट आत वळवताना कोपराच्या आतल्या हाडावर दुखले, तर दुखणे आतल्या बाजूचे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोघांचे पथ्य उलट आहे. बाहेरचे कोपर दुखत असेल तर ओझे तळहात वर ठेवून, कोपर बरगडीशी घेऊन उचलावे. आतले दुखत असेल तर तसेच उचलल्याने ते वाढते. त्याला मूठ उभी, म्हणजे अंगठा वर, ठेवून धरणे बरे पडते. सदरांत मात्र दोघांना एकच सल्ला मिळतो.

आता पकडीकडे येऊ, कारण निम्मे दुखणे तिथेच कमी करता येते. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून पाहा, बोटे नीट मिटतसुद्धा नाहीत. मनगट किंचित मागे, वीस-तीस अंश, असताना पकड सर्वांत जोरकस बसते. याचा अर्थ, वाकड्या मनगटाने तेच काम करायला स्नायूंना कितीतरी जास्त ओढ लावावी लागते. म्हणून हात वाकवण्याऐवजी काम वळवा, शिकंजा (काम घट्ट धरून ठेवणारा व्हाइस) फिरवा किंवा उभे राहायची जागा बदला. जोर लावायचे काम कोपराच्या उंचीपेक्षा वीतभर खाली असावे, बारीक काम चार-सहा बोटे वर. हात लांब पसरून, कोपर सरळ करून जोर लावणे सर्वांत वाईट.

मूठ भरून धरायच्या अवजाराच्या मुठीची जाडी ३० ते ५० मिलिमीटर असावी. मूठ मारल्यावर अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकावर जरासे चढले, तर माप बरोबर. बारीक मुठीवर सायकलची जुनी ट्यूब किंवा कापडी चिकटपट्टी गुंडाळली, की बोटांना कमी आवळावे लागते. फार जाड केली तर बोटे पोचत नाहीत आणि उलटाच त्रास होतो. लांबी किमान १०० मिलिमीटर, हातमोजे घालत असाल तर त्याहून थोडी जास्त. मूठ आखूड असली की तिचे टोक तळहाताच्या मधोमध रुतते आणि नसा, म्हणजे मज्जातंतू, नेमक्या तिथूनच जातात. पकड (प्लायर) या अवजाराच्या दोन दांड्यांमधले अंतर जोर लावताना ५० ते ६५ मिलिमीटर असावे, आणि आपोआप उघडणारी स्प्रिंग असेल तर उत्तम. बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ दिसायला छान, पण त्या खाचा एकाच मापाच्या हाताला बसतात. इतरांची बोटे उंचवट्यांवर येतात. चिमटीत धरण्याची ताकद पूर्ण मुठीच्या साधारण पाव असते. त्यामुळे जड वस्तू चिमटीत धरून नेणे टाळावे, तिला कडी किंवा दांडा लावून घ्यावा.

बोथट हत्यार हे कोपरदुखीचे मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे. करवत, पटाशी किंवा ड्रिलचे पाते बोथट झाले की माणूस जोर वाढवतो, आणि तो जोर मुठीतून थेट कोपरात जातो. स्क्रू पिळताना आधी बारीक भोक पाडून घ्यावे, आटे साबणावर फिरवून घ्यावेत. पिळण्याचा जोर लगेच कमी लागतो. पिळताना कोपर काटकोनात ठेवावे, म्हणजे दंडाचा मोठा स्नायू ते काम करतो. हात सरळ असेल तर तेच काम हाताच्या लहान स्नायूंवर पडते. हातोडा दांड्याच्या टोकाशी धरावा, आणि घाव बसतानाच्या क्षणी पकड थोडी सैल असावी. दांडा पहिल्यापासून शेवटपर्यंत करकचून धरणाऱ्याच्या कोपरात प्रत्येक घावाचा हादरा जातो. फार हलका हातोडाही वाईट, घाव दुप्पट मारावे लागतात.

थरथरणाऱ्या यंत्रांचा हिशेब वेगळा. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशात हातांना बसणाऱ्या कंपनाची आठ तासांची सरासरी मोजतात: २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की उपाय सुरू करायचे आणि ५ ही कमाल मर्यादा. यातली मेख अशी की कंपन दुप्पट झाले की परवानगीचा वेळ निम्मा नव्हे, पाव होतो. ५ तीव्रतेचे यंत्र दोन तासांत पहिली पातळी गाठते, १० तीव्रतेचे अर्ध्या तासात. त्यामुळे एका माणसाने दिवसभर काँक्रीट फोडायचा ब्रेकर धरण्यापेक्षा दोघांनी आळीपाळीने धरणे शहाणपणाचे. कंपन कमी करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांवर विसंबू नये. हातमोजे हात उबदार ठेवतात, हा त्यांचा खरा उपयोग. थंडीत बोटांची टोके पांढरी पडू लागली, तर ती कंपनाची इजा असू शकते. वेळीच यंत्र सोडले नाही तर ती कायमची राहते.

कोपराच्या पट्ट्याबद्दल. तो दुखऱ्या हाडावर बांधायचा नसतो. हाडापासून दोन बोटे खाली, मनगटाच्या दिशेने, स्नायूच्या फुगीर भागावर बांधायचा. मूठ आवळल्यावर घट्ट वाटावा, हात सैल सोडल्यावर त्याखाली एक बोट सरकावे. कामापुरता बांधावा, काम संपले की काढावा, रात्री तर नाहीच. मुंग्या आल्या तर लगेच सैल करावा.

खरा इलाज व्यायामाचा आहे, आणि तोच बहुतेक जण चुकीचा करतात. पहिली चूक रबरी चेंडू दाबण्याची. दिवसभर मूठ आवळणाऱ्या हाताला संध्याकाळी पुन्हा मूठ आवळायला लावणे हा उफराटा उपचार आहे. त्याऐवजी पाचही बोटांभोवती रबरबँड घालून बोटे बाहेर उघडावीत. बाहेरच्या कोपरासाठी सुरुवात अशी करावी: हात टेबलावर, तळहात खाली, मूठ हलकी, मनगट जरा मागे. दुसऱ्या हाताने मुठीच्या वरून दाबायचे आणि मनगट हलू द्यायचे नाही. ३० ते ४५ सेकंद, मग मिनिटभर विसावा, असे पाच वेळा, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवडा-दोन आठवड्यांत हे सहज जमू लागले, की हात टेबलाच्या कडेबाहेर काढून मुठीत अर्धा किलो वजन धरायचे. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली चालते. वर नेताना दुसऱ्या हाताची मदत घ्यायची, खाली सोडताना चार अंक मोजत सावकाश सोडायचे. १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पंधरा आवर्तने सहज झाली, की पाव किलो वाढवायचे. आतल्या कोपरासाठी हेच सर्व तळहात वर करून.

करताना थोडे दुखणारच. दहापैकी तीन-चारपर्यंतचे दुखणे चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आले पाहिजे. आले नाही तर वजन निम्मे करा, व्यायाम सोडू नका. बहुतेक जण इथेच सोडतात. काही जण उलट, पहिल्याच दिवशी दोन किलोचे डंबेल घेतात. त्याची बारीक दांडी आवळण्यातच कोपर पेटते आणि मग व्यायामाला दोष दिला जातो. फरक जाणवायला सहा आठवडे, नीट भरून यायला दोन-तीन महिने लागतात. बर्फ दहा-पंधरा मिनिटे, कापडात गुंडाळून लावल्यास ठणका कमी होतो, एवढाच त्याचा उपयोग. हाडाच्या टोकावर जोरजोरात चोळणे मात्र थांबवावे.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल रुग्णाला पूर्ण माहिती मिळायला हवी. टेनिस एल्बोत त्याने सहाएक आठवडे चांगला आराम पडतो. पण वर्षभराने पाहिले तर इंजेक्शन घेतलेले रुग्ण न घेतलेल्यांच्या मागे पडलेले दिसतात आणि दुखणे उलटण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त असते. दुखणे गेले म्हणून रुग्ण दुसऱ्याच दिवशी पूर्ण जोराने कामाला लागतो, हे त्यातले एक कारण असावे. बोट अडकण्याच्या त्रासात, म्हणजे सकाळी मिटलेले बोट खटकन उघडते त्यात, इंजेक्शन बऱ्याचदा चांगले लागू पडते. एकाच औषधाचा दोन ठिकाणी असा वेगळा गुण आहे. बोट अडकणाऱ्यांनी रक्तातील साखर तपासून घ्यावी, मधुमेहात हा त्रास जास्त होतो.

मुंग्या येत असतील तर मात्र वर सांगितलेले व्यायाम लागू नाहीत. तिथे नस दबलेली असते. अंगठा, त्याशेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर नस मनगटात दबली आहे. मनगटातल्या त्या अरुंद वाटेतून नऊ कंडरा आणि एक नस जाते. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी सहा आठवडे बांधावी. तयार पट्ट्यांतली धातूची पट्टी बरेचदा मागे वाकवलेली असते. ती काढून सरळ करून घ्यावी, नाहीतर पट्टी बांधूनही नस दबलेलीच राहते. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग बधिर होत असेल, तर नस कोपरात दबते आहे. रात्री कोपराभोवती टॉवेल गुंडाळावा म्हणजे ते पूर्ण वाकत नाही, आणि कोपर टेबलाच्या कडेवर टेकणे बंद करावे. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर अंगठ्याच्या बुडाशी सणक गेली, तर तिथल्या कंडरांचे आवरण घट्ट झालेले असते. त्याला अंगठाही धरून ठेवणारी पट्टी लागते. नुसती मनगटाची पट्टी बांधून उपयोग नाही.

सांधा लाल, गरम होऊन ताप येणे, मार लागल्यावर कोपर सरळच न होणे, दोन्ही हातांची बोटे सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहणे, मान वळवली की हातात कळ जाणे, यांत घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे. हातातल्या दुखण्याबरोबर छातीत दडपण किंवा घाम येत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. मुंग्या येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट स्वतः तपासावी: दोन्ही तळहात वर करून शेजारी शेजारी ठेवावेत आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा पाहावा. एका हाताचा उंचवटा बसलेला दिसला, किंवा बधिरपणा येऊन-जाऊन नसून आता कायम राहत असेल, तर पट्टी बांधून आणखी वाट पाहू नये. नसेची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी, कारण सुकलेला स्नायू नस मोकळी केल्यावरही पूर्ण भरून येईलच असे नाही.

आपले,
हात आणि कोपराच्या दुखण्यांवर काम करणारे काही भौतिकोपचारतज्ज्ञ