बसऱ्याच्या आजोबांची तिथी

लंडन,
सर्वपित्री अमावास्या, दि. २१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आज घरी सर्वपित्रीचे पान मांडले असेल आणि नेहमीप्रमाणे बसऱ्याच्या आजोबांच्या नावाचाही घास कावळ्याला ठेवला असेल. त्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तीन पिढ्या आपण त्यांना अमावास्येलाच जेवू घालतो, असे तुम्ही गेल्या वर्षी याच दिवशी फोनवर म्हणालात आणि पुढे म्हणालात, की इंटरनेटवर आता सगळे मिळते म्हणतात, तर एवढे शोधून पाहा. ते काम मी वर्षभर जमेल तसे करत होते. तारीख मिळाली आहे. मात्र ती कशी मिळाली आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीला माझ्या हाती दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे तुमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ ‘एकशे सतरा मराठा’ पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे, म्हणजे आजच्या इराककडे, गेले ते परत आले नाहीत, ही घरात चालत आलेली हकिगत. आणि दुसरी म्हणजे देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवलेली ती वाटोळी तबकडी. लहानपणी मला तीही एखाद्या देवतेची प्रतिमाच वाटे, कारण तिच्यावरच्या बाईच्या हातात त्रिशूळ आहे, पायाशी सिंह आहे आणि आई तिलाही हळदकुंकू वाहते. ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचे प्रतीक. महायुद्धात मेलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी ब्रिटिश सरकारने अशी कांस्याची तबकडी पाठवली. एकूण तेरा लाखांहून अधिक तबकड्या ओतल्या गेल्या. तिच्यावर हुद्दा मुद्दामच घालत नसत, फक्त नाव असे, म्हणजे मेल्यावर तरी सेनापती आणि शिपाई सारखेच. आपल्याकडच्या तबकडीवरचे नाव मात्र शंभर दसरे-दिवाळ्यांना चिंचेने घासून इतके बोथट झाले आहे, की दादाने पाठवलेल्या फोटोत मला पहिली चारच अक्षरे लागली.

या चार अक्षरांवरून मी शोधायला बसले, आणि तिथेच पहिले तीन महिने वाया गेले. वंशावळी शोधून देणाऱ्या एका खासगी संकेतस्थळाला मी पैसे भरले, आणि तिथे जे दिसले ते इतरत्र फुकट उपलब्ध असलेल्या यादीचेच उतारे निघाले. खरी यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या सुमारे सतरा लाख माणसांच्या नोंदी आहेत आणि त्या कुणालाही विनामूल्य पाहता येतात. पण तिथेही नाव घालून आपला माणूस सापडत नाही, कारण पलटणीच्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले आहे. पवारांचे ‘पोवार’ झाले आहे, जाधवांचे ‘जादाओ’, कुठे आडनावच नाही, तर कुठे बापाचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसले आहे. मग मी नावाचा नाद सोडला. पलटण ११७ मराठा, स्मारक बसरा, एवढेच निवडले, आलेली सगळी यादी उतरवून घेतली आणि तिच्यातला शेवटचा रकाना ओळीने वाचत गेले. या रकान्यात कमिशनला मिळेल तिथे बापाचे किंवा बायकोचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा नोंदवलेला आहे. बाबा, तो रकाना वाचताना मी मोठ्याने वाचत होते. चिपळूण, खेड, महाड, पाटण, वाळवा, कऱ्हाड... एसटीच्या फलाटावर उभे राहून पाट्या वाचाव्यात तशी सगळी आपली गावे, आणि प्रत्येक गावापुढे एक मेलेला माणूस.

खटाव तालुका त्यात ‘खटाओ’ असा लिहिलेला आहे. त्या शब्दाखाली जेवढी माणसे आली, त्यांत एकाच नोंदीत आपले गाव, तुमच्या पणजोबांचे नाव आणि तबकडीवरची ती चार अक्षरे एकत्र आली. हुद्दा शिपाई. तारीख १४ नोव्हेंबर १९१६.

मी लगेच तुम्हाला फोन केला नाही, कारण ही तारीख मला खटकली. आपल्या घरात ते ‘लढाईत पडले’ असे सांगतात, पण नोव्हेंबर १९१६ मध्ये ११७ मराठा पलटण लढाईत नव्हतीच. ती कैदेत होती. हे समजून घेण्यासाठी मला दुसऱ्या ठिकाणी जावे लागले, आणि तुम्हाला वाचनाची आवड आहे म्हणून त्या जागा सांगून ठेवते. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याच्या, दप्तरातली इराक आणि आखाताविषयीची हजारो पाने कतार डिजिटल लायब्ररी या संकेतस्थळावर आहेत, त्यांतला मजकूर शब्द घालून शोधताही येतो. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे त्या काळच्या इराकमधल्या, मोहिमेतल्या अनागोंदीची चौकशी करणाऱ्या आयोगाचा १९१७ चा अहवालही वाचायला मिळतो. जखमी माणसांना औषधपाण्याविना कसे वाहून आणले, ते त्यात सरकारच्याच तोंडून ऐकायला मिळते. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ तर तुम्ही घरबसल्या उघडू शकता. मेसोपोटेमियात गेलेल्या फौजेला त्या काळी ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स डी’ म्हणत. तेच नाव घालून शोधावे, ‘पहिले महायुद्ध’ असे घालून हाती काही लागत नाही.

या कागदांवरून जी हकिगत जुळते ती अशी. बगदादच्या दिशेने गेलेले सहावे डिव्हिजन म्हणजे आपले पुण्याचे डिव्हिजन. इंग्रजी कागदांत त्याचे नावच ‘पूना डिव्हिजन’ असे आहे. त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे या डिव्हिजनची फार मोठी हानी झाली, डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड माघार घेत कुत अल अमारा या गावी आले आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी गावाला वेढा घातला. तो जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून खायची पाळी आली आणि आपल्या बहुतेक शिपायांनी ते मांस कितीतरी आठवडे तोंडाला लावले नाही. घरच्यांना कळले तर गावात पंक्तीला कोण घेईल, मुलाबाळांची लग्ने कशी होतील, ही धास्ती त्यांच्या मनात होती. अखेर हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. त्यानंतर वाळवंटातली पायपीट, आणि हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांची रवानगी रास अल ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात कुतच्या वेढ्यातून वाचलेल्या एका हिंदी शिपायाचा फोटो आहे. तो तुम्ही पाहू नका, आणि आईला तर दाखवूच नका. त्या माणसाच्या बरगड्या मोजता येतात, आणि तरीही तो कॅमेऱ्याकडे सरळ पाहतो आहे.

म्हणजे आजोबा लढाईत पडले नाहीत. वेढा सोसून, शरण जाऊन, सहा-साडेसहा महिने कैदेत काढून मग गेले. त्यांच्या कैदेविषयीचा कागद मला अजून मिळालेला नाही. जिनिव्हाच्या रेडक्रॉसने त्या युद्धातल्या कैद्यांच्या याद्या आणि कार्डे संकेतस्थळावर ठेवली आहेत, ती मी पाहत आहे. पण तिथेही नावाच्या स्पेलिंगचा तोच घोळ आहे आणि कार्डे एकेक करून चाळावी लागतात.

तारखेविषयी एक सावधगिरी मात्र सांगते. कैदेत गेलेल्या पुष्कळ माणसांचा ठावठिकाणा लागला नाही आणि युद्ध संपल्यावर कार्यालयात बसून त्यांची मृत्यूची तारीख गृहीत धरली गेली. अशी गृहीत तारीख ओळखायची एक साधी खूण आहे. पलटणीची सगळी यादी तारखेप्रमाणे लावायची. एकाच दिवसापुढे पाच-पंचवीस नावे आली, तर ती बहुधा कारकुनाची तारीख समजावी. मी यादी तशी लावून पाहिली. १४ नोव्हेंबरपुढे त्या पलटणीतले आजोबांचे एकच नाव आहे. त्यामुळे ती तारीख कुणीतरी, बहुधा बरोबरच्या कैद्याने परत येऊन सांगितलेली असावी, असे मी धरून चालले आहे. ही खात्री नव्हे, पण अंदाजाला आधार आहे.

आता स्मारकाविषयी लिहिते, कारण या शोधात मला सर्वांत जास्त त्रास त्याचा झाला. बसऱ्याचे स्मारक मार्च १९२९ मध्ये उघडले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले आहे, हिंदी अधिकाऱ्याचे नाव कोरले आहे. पण हिंदी शिपायाचे नाव नाही. पलटणीचे नाव, अधिकाऱ्यांची नावे आणि त्याखाली ‘इतर हिंदी शिपाई’ म्हणून फक्त आकडा. आपले आजोबा त्या दगडावर त्या आकड्यातले एक आहेत. तबकडीवर हुद्दा नको, सगळे सारखे, असे म्हणणाऱ्या त्याच सरकारच्या राज्यात हे झाले. आणि हे नावे ठाऊक नव्हती म्हणून झाले असेही नाही, कारण १९२७ साली फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. युरोपात जग पाहणार होते तिथे नाव, आणि वाळवंटात आकडा, हाच अर्थ मला त्यातून दिसतो. कमिशनने २०२१ साली स्वतःच अहवाल काढून हे मान्य केले आणि माफी मागितली. आशिया व आफ्रिकेतल्या पंचेचाळीस ते चोपन्न हजार माणसांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही आणि निदान १,१६,००० माणसांचे, कदाचित त्याहून कितीतरी अधिकांचे, नावाने स्मरण झालेच नाही, असे त्यात म्हटले आहे. बसऱ्याचे स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले गेले. म्हणजे आपण तिथे जाऊन हात जोडावेत, तर तिथे ना त्यांचे नाव आहे ना देह.

तेव्हा त्यांचे नाव धड राहिले ते दोनच जागी: संकेतस्थळाच्या यादीतल्या एका ओळीत आणि आपल्या देव्हाऱ्यात. धाकट्या आजींनी तबकडी घरी येईपर्यंत कुंकू पुसले नाही, असे तुम्ही सांगता. तबकड्या ओतायला सुरुवातच १९१८ च्या डिसेंबरात झाली, म्हणजे आजोबा गेल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ त्या कुंकू लावत होत्या. हा हिशेब मांडल्यापासून मला ती यादी नुसती यादी म्हणून वाचता येत नाही.

पंजाबातल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदींच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या, त्या काही वर्षांपूर्वी संकेतस्थळावर आल्या, आणि इथली पंजाबी कुटुंबे गावाचे नाव घालून आपला माणूस शोधतात. आपल्याकडे निदान गावागावांतल्या त्या संगमरवरी पाट्यांची तरी नोंद व्हायला हवी. आपल्या चावडीच्या भिंतीतही तशी पाटी आहे; या गावातून महायुद्धाला किती गेले आणि किती मेले, एवढेच तिच्यावर आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे, ते लोकांना माहीत आहे, कारण गावाने ते जपले. आपली पाटी गेल्या खेपेस मी पाहिली तेव्हा तिच्यावर चुन्याचे हात बसले होते.

म्हणून तीन कामे सांगते. दादाला त्या पाटीचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढायला सांगा, म्हणजे चुन्याखालची अक्षरे उठून दिसतील; मी यादीतून आपल्या गावाची नावे काढून पाठवते, दोन्ही आकडे जुळतात का पाहू. दुसरे, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला एक अर्ज लिहायचा आहे, त्याचा मसुदा मी पाठवत आहे. ११७ मराठा ही पलटण १९२२ च्या फेररचनेत त्यांच्यातच आली, तेव्हा काही जुने कागद असले तर तिथेच असतील. तिसरे, गुरुजींना शके १८३८ चे पंचांग मिळाले तर १४ नोव्हेंबर १९१६ ची तिथी पाहायला सांगा. माझ्या हिशेबाने ती कार्तिक वद्य पंचमीच्या आसपास येते, पण गुरुजींनी सांगितलेलीच धरावी. पुढच्या पितृपक्षात त्या तिथीला त्यांचे पान वेगळे मांडता येईल.

आणि आईला सांगा, या दिवाळीला ती तबकडी चिंचेने घासू नको. नुसत्या ओल्या कापडाने पुसून हळदकुंकू वाहावे. उरलेली अक्षरे मला डिसेंबरात आल्यावर हाताने चाचपून पाहायची आहेत.

तुमची,
लेक