अव्यास पत्र, जीन सीबर्गच्या गावातून

प्रिय अव्या,

तुझा मेसेज वाचला. माझी अमेरिकेत आयोवात बदली म्हणजे मला मक्याच्या शेतात नेऊन टाकलंय असं तू लिहिलंयस. मका आहेच रे, डी मॉइनपासून तासभर गाडी चालवली की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्येच एखादा सायलो, की परत मका. पण मी गावाचं नाव सांगितलं तरी तुला काहीच आठवलं नाही याचं मला खरंच नवल वाटलं. मार्शलटाऊन, आयोवा. नटी जीन सीबर्गचं गाव! आपण पुण्यात फिल्म अर्काइव्हला गोदारचा फ्रेंच पिक्चर 'ब्रेथलेस' बघितला होता आणि तू लॉ कॉलेज रोडवरून जाताना डोकं पिकेपर्यंत तिच्या त्या बारीक कापलेल्या केसांबद्दल बोलत होतास, ती जीन. मला इथे येईपर्यंत ती फ्रेंचच वाटायची, निदान अर्धी तरी. आता इथे राहून तिच्याबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि तुला फोनवर सांगण्याइतकं ते थोडं नाही म्हणून लिहायला बसलो.

आधी गाव सांगतो. वस्ती २७ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचा बारका तालुका. मध्यभागी दगडी कोर्टाची इमारत, तिचा घुमट २०१८ च्या जुलैमधल्या टोर्नाडोनं पाडला आणि दोनच वर्षांनी ऑगस्टमध्ये डेरेचो नावाचं भयंकर वादळ आलं त्यानं उरलंसुरलं झोडपलं. लोकांनी परत उभं केलं सगळं. आमच्या प्रेशर कंट्रोलच्या धंद्याचा तर इथे उगमच आहे म्हण ना. गावात मोठी आग लागली तेव्हा विल्यम फिशर नावाच्या माणसानं वाफेच्या पंपाचा थ्रॉटल चोवीस तास हातानं फिरवत पाण्याचं प्रेशर टिकवलं, आणि मग हे काम आपोआप करणारा गव्हर्नर तयार करून १८८० मध्ये कंपनी काढली. गवंडीकामाच्या थाप्या पण इथल्याच, अमेरिकेतले उत्खनन करणारे लोक याच गावाच्या नावाची थापी घेऊन जमीन उकरतात. शिवाय डुकराच्या मांसाचा मोठा प्लांट, त्यात कामाला आलेली मेक्सिकन कुटुंबं, त्यामुळे मेन स्ट्रीटवर स्पॅनिश पाट्या भरपूर. राबणाऱ्या लोकांचं गाव आहे, मला आवडलं.

जीनचा जन्म इथे १३ नोव्हेंबर १९३८ चा. वडिलांचं औषधाचं दुकान, म्हणजे गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या काउंटरवर आलेला. घर लुथरन, स्वीडिश मुळाचं, शिस्तीचं. बारा वर्षांची असताना थेटरात मार्लन ब्रँडोचा 'द मेन' बघितला आणि तिथेच तिनं ठरवलं की आपण हेच करायचं. आणि चौदाव्या वर्षी हिनं काय करावं, तर एनएएसीपीची मेंबर झाली! कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी ही संघटना, आणि ज्या गावात काळी घरं अगदी मोजकी तिथली ही गोरी, चर्चला जाणारी, केमिस्टची मुलगी. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याबद्दल लोक म्हणतात की नटी होती, पॅरिसमध्ये राहून डोक्यात क्रांतीचं वारं शिरलं, फॅशन म्हणून केलं. साफ चूक. पॅरिस तिनं फक्त नकाशात पाहिलं असेल तेव्हाची गोष्ट आहे ही.

१९५६ मध्ये ऑटो प्रेमिंजर हा बडा डायरेक्टर 'सेंट जोन' या जोन ऑफ आर्कवरच्या पिक्चरसाठी नवा चेहरा शोधत होता. १८ हजार मुलींमधून निवड झाली असं सांगतात, आणि निवडली कोण तर ही, कॉलेजला नुकतीच गेलेली, अठरा पण पूर्ण नाहीत. नाव गावातल्याच एका शेजाऱ्यानं पाठवलेलं. मग एड सलिव्हनच्या शोमध्ये अख्ख्या देशासमोर तिला उभं केलं. गावाला काय वाटलं असेल विचार कर! पण प्रेमिंजर सेटवर इतका ओरडायचा की मोठमोठे नट रडकुंडीला यायचे, तिथे या पोरीचं काय. चितेवर जाळण्याच्या सीनला गॅसचे जेट भलतेच भडकले आणि ती खरोखर भाजली, अंगावर व्रण राहिले. पिक्चर पडला आणि समीक्षकांनी सगळं खापर तिच्यावर फोडलं. पुढचा 'बोंझूर त्रिस्तेस' पण अमेरिकेत कोणी उचलून धरला नाही.

पण ते केस बघ, ते जोनसाठी कापलेले! पंधराव्या शतकातल्या एका फ्रेंच शेतकऱ्याच्या पोरीसाठी आयोवाच्या पोरीचे कापले, पिक्चर आपटला, केस तसेच राहिले, आणि तीन वर्षांत पॅरिसच्या बायका न्हाव्याकडे जाऊन तसेच कापून मागायला लागल्या.

कारण मध्ये फ्रेंच डायरेक्टर गोदार आला. त्यानं 'बोंझूर त्रिस्तेस' बघून ठरवलं की हीच पाहिजे, १९५९ मध्ये शूटिंग केलं आणि १९६० मध्ये 'ब्रेथलेस' आला. शाँझेलिझेवर न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनचा टीशर्ट घालून पेपर विकत चाललेली ती तुला पाठ आहे. मी परवा परत बघितला आणि या वेळी तिच्या फ्रेंचकडे लक्ष दिलं. तिचे उच्चार अमेरिकन आहेत आणि ती ते अजिबात लपवत नाही, र तर सरळ इथला, दुकानात रोज ऐकतो तसा. शेवटी हिरो बेलमोंदो रस्त्यावर पडलाय आणि ती त्याच्यासारखंच ओठांवरून अंगठा फिरवून थेट आपल्याकडे बघते आणि मग पाठ फिरवते. आपण तेव्हा म्हणायचो की थंड आहे ही बाई. मला आता तसं अजिबात वाटत नाही. इथली माणसं भर प्रसंगात अशीच चेहरा सपाट ठेवतात, आत काय चाललंय ते दाखवायचं नाही ही लहानपणापासूनची सवय, आणि तिनं ती कॅमेऱ्यासमोर तशीच नेली. माझ्या मते त्या पिक्चरची निम्मी जादू या सपाट चेहऱ्यात आहे, आणि त्याचं श्रेय सगळे गोदारला देतात.

आता जे सांगायचं होतं ते. मार्शलटाऊनच्या पूर्वेला टामाजवळ मेस्क्वाकी आदिवासींची वसाहत आहे, ती जमीन त्यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतः पैसे देऊन विकत घेतलेली, सरकारनं दिलेली नाही. जीन मोठी नटी झाल्यावर पॅरिसमधून जी मदत पाठवायची त्यात या मेस्क्वाकी पोरांच्या बास्केटबॉल टीमच्या युनिफॉर्मचे ५०० डॉलर होते. जर्सी आणि चड्ड्या, अव्या! लहान असताना त्या पोरांना तिनं आसपास बघितलं असणार, त्यांच्याकडे काय नाही ते तिला माहीत असणार. त्याच हातानं तिनं ब्लॅक पँथर पार्टी या कृष्णवर्णीयांच्या जहाल संघटनेलाही पैसे दिले, एफबीआय या अमेरिकन सरकारी तपास यंत्रणेच्या हिशोबानं साडेदहा हजार डॉलरच्या आसपास. एफबीआयला त्यात देशद्रोह दिसला. मला त्यात फक्त एकच मुलगी दिसते, चौदाव्या वर्षी एनएएसीपीत गेलेली.

मग त्यांनी तिला ठेचायचं ठरवलं. तिचे फोन टॅप केले, पाळत ठेवली. १९७० मध्ये ती गरोदर होती, तेव्हा एफबीआयनं ठरवून कंडी पिकवली की मूल एका ब्लॅक पँथर नेत्याचं आहे, का तर लोकांच्या नजरेत तिची किंमत उतरावी. हे त्यांच्याच कागदांत लिहिलंय, एफबीआयचा प्रमुख हूवर याच्या ऑफिसची मंजुरी घेऊन. मे महिन्यात लॉस एंजलिस टाइम्सच्या गॉसिप कॉलममध्ये नाव न घेता ते छापून आलं, ऑगस्टमध्ये न्यूजवीकनं नाव घेऊन छापलं. २३ ऑगस्टला तिला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, नीना नाव ठेवलं, दोन दिवसांत गेली.

आणि मग ती ते एवढंसं बाळ घेऊन इथे आली. पॅरिसमध्ये पुरता आलं असतं, नवरा रोमँ गारी मोठा लेखक, ओळखी होत्या, सगळं होतं. पण तिनं मार्शलटाऊनला आणलं आणि शवपेटी उघडी ठेवली, लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून, की ते मूल गोरं होतं, छापलेलं खोटं होतं. वडिलांच्या दुकानातून औषधं नेलेल्या, तिला शाळेच्या नाटकात बघितलेल्या बायका रांगेनं त्या पेटीपाशी आल्या. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा झोप लागली नाही. एका बाईला आपल्या मेलेल्या लेकराची कातडी गावाला दाखवून साक्ष काढावी लागते! आणि त्याहून मला टोचतं ते हे, की जिनं आयुष्यभर सांगितलं की कातडीच्या रंगानं काही फरक पडत नाही, तिलाच या लोकांनी असल्या पुराव्यापर्यंत आणलं. न्यूजवीकवर तिनं फ्रान्समध्ये केस केली आणि जिंकली, पण नुकसानभरपाई घेऊन काय करायचं होतं तिला.

नीना इथल्या रिव्हरसाइड सिमेट्रीत आहे. मी जाऊन आलो, फुलं ठेवून आलो, त्यापेक्षा जास्त काही लिहवत नाही. त्यानंतर जीनची तब्येत आणि मन दोन्ही ढासळत गेलं आणि १९७९ च्या ऑगस्टअखेर ती पॅरिसमधून नाहीशी झाली, ८ सप्टेंबरला तिच्याच गाडीत मृतदेह सापडला. चाळीस वर्षांची होती. आठवडाभरात एफबीआयनं ती अफवा आपणच पसरवली हे कबूल केलं.

आता यातला एक धागा ऐक, यामुळेच मला पत्र लिहावंसं वाटलं. जीन शाळेत असताना गावात मुलं सांभाळायची कामं करायची, तशी सगळ्याच पोरी इथे करतात, संध्याकाळी आईबाप बाहेर गेले की. तिनं सांभाळलेल्यांपैकी एक मेरी बेथ सुपिंगर, जन्म १९४६. ती मोठी होऊन मेरी बेथ हर्ट झाली! वुडी ॲलनच्या 'इंटिरिअर्स'मधली बहीण आणि 'द वर्ल्ड अकॉर्डिंग टू गार्प'मधली बायको, ती. नाटकात तर तिचं काम फारच मोठं, टोनी या नाटकाच्या बड्या पारितोषिकासाठी तीनदा नॉमिनेशन. १९९५ मध्ये मार्क रॅपापोर्टनं 'फ्रॉम द जर्नल्स ऑफ जीन सीबर्ग' काढला, त्यात जीन जिवंत आहे, वयानं मोठी झालीय आणि स्वतःच्या पिक्चरच्या क्लिप दाखवत आपली कहाणी सांगतेय अशी कल्पना, आणि ती जीन केली मेरी बेथ हर्टनं. जिला कडेवर घेतलं तिनंच पुढे तिच्या वतीनं तोंड उघडलं. क्रिस्टन स्टुअर्टचा 'सीबर्ग' २०१९ मध्ये आला, तो सुंदर दिसतो, पण मला हर्टचाच जवळचा वाटला. तिच्या बोलण्यात रडारड नाही, चीड आहे.

या गावचे आणखी पण आहेत. टोबी हस इथलाच, १९६६ चा. तू 'साइनफेल्ड' पाठ केलंयस ना, एलेन ज्याच्याबरोबर फिरते तो 'द विझ'वाला, तोच हा. 'किंग ऑफ द हिल'मध्ये लाओशियन शेजारी काह्न आणि म्हातारा कॉटन हिल दोन्ही आवाज त्याचे होते. पण त्याचं खरं काम बघायचं तर 'हॉल्ट अँड कॅच फायर'मधला बॉस्वर्थ बघ, मुरलेला सेल्समन, पोरांच्या कंपनीत येऊन पडलेला, हळूहळू त्या पोरांवर जीव लावणारा. 'टॉप गन: मॅव्हरिक'चा डायरेक्टर जोसेफ कोसिन्स्की पण इथल्याच हायस्कूलचा, तो नट नाही म्हणून पुढे जातो.

डी मॉइनच्या दुसऱ्या बाजूला विंटरसेट आहे, जॉन वेनचं जन्मगाव. तो तिथून लहानपणीच गेला, तरी तिथे त्याचं म्युझियम आणि ब्राँझचा पुतळा. जीन इथे शाळा संपेपर्यंत राहिली, पहिलं लग्न इथे केलं, मूल इथे पुरलं. तिच्याबद्दल गाव बरीच वर्षं दबकून होतं आणि मला ते समजतं, कारण तिचं नाव काढलं की सरकारचं नाव काढावं लागतं. २०११ पासून मात्र मेन स्ट्रीटवरच्या ऑर्फियम थेटरात तिच्या नावानं फिल्म फेस्टिव्हल सुरू झाला. उशिरा का होईना, लोकांनीच केला, याचा मला फार आनंद आहे.

आता तुझ्यासाठी काम. तुमच्या फिल्म क्लबला 'ब्रेथलेस' दर दोन वर्षांनी लागतो, या वेळी 'लिलिथ' लाव, १९६४ चा, रॉबर्ट रॉसेनचा. मनोरुग्णांच्या आश्रमातली मुलगी केलीय तिनं, वॉरेन बीटी तिच्यासमोर कच्चा वाटतो, आणि पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाचं चुंबन घ्यायला ती वाकते तो सीन तर मी तीनतीनदा मागे घेऊन बघितला. गोल्डन ग्लोबचं नॉमिनेशन त्यासाठीच होतं. माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं काम हेच, आणि आपल्याकडे कोणी बघितलेलंच नाही. त्याच्या आधी दहा मिनिटं बोल, मेस्क्वाकी पोरांच्या जर्सींपासून सुरुवात कर. मुद्दे मी लिहून पाठवतो. चांगली प्रिंट कुठे मिळते ते तू बघ आणि तारीख ठरली की कळव.

काकूंना नमस्कार, वहिनीला आणि पिल्लाला आठवण सांग.

तुझा,
मन्या