सेप्टिक टँक तुंबायची वाट पाहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा प्लंबिंगचा व्यवसाय आहे. सेप्टिक टँकसाठी लोक बोलावतात ते संडासात पाणी उलटं वर यायला लागलं की. तोवर टाकीचं झाकण कुठे आहे, हेही घरात कुणाला सांगता येत नाही. बरेचदा त्यावर फरशी बसवलेली असते.

टाकी भरलेली दिसली म्हणून बिघडली असं नाही, चालू टाकी पाण्याने भरलेलीच असते. पाहायचा तो तळाचा गाळ आणि वर तरंगणारा तेलकट थर. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेले की उपसा करायलाच हवा. नाहीतर मैला निवळायला जागा उरत नाही, गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जातो आणि तिथली माती बुजते. टाकी उपसता येते हो, पण बुजलेली माती सहसा पुन्हा पाणी पीत नाही. मग दुसरा खड्डा खणायचा, आणि तेवढी जागा किती घरांना असते?

गाळ मोजणं अवघड नाही. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून ती तळापर्यंत सोडायची, जरा थांबून सावकाश वर काढायची. गाळ जिथवर आहे तिथवर फडकं काळं होतं. दर दोन-तीन वर्षांनी जाणकाराकडून एवढं करून घ्या. बाहेर जाणाऱ्या पाइपाचा टी (वरचा थर अडवणारा T आकाराचा जोड) तुटलेला नाही ना आणि टाकीतला गॅस बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपची जाळी शाबूत आहे ना, तेही बघायला सांगा. फाटक्या जाळीतून डास आत जाऊन अंडी घालतात. अमुक पावडर टाकली की उपसा लागत नाही, यावर विसंबू नका. जवळ विहीर असेल तर तिचं पाणीही तपासून घ्या.

यातल्या कशासाठीही टाकीत उतरावं लागत नाही. वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असं समजणं जिवावर बेततं, कारण टाकीत तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. टाकी तुंबून घरभर घाण झाली की मालक घायकुतीला येतात, जादा पैसे देऊ करतात, ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणतात. मी माझ्या माणसांना उतरू देत नाही. कुणीच देऊ नये.

आपला,
एक प्लंबर