करिअरच्या पानावर हेही आयुष्य छापा

मा. संपादक महोदय,
स. न.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या पुरवणीत करिअरची पानं येतात. मी ती कापून वर्गाच्या भिंतीला लावते. यंदाही लावली. नीट, जेईई, पोलीस भरती, सगळं होतं. आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलीने ती उभ्याने शेवटपर्यंत वाचली आणि मला विचारलं, "मॅडम, डोयाचं औषध शोधाचं असन तं कोनती परीक्षा द्या लागते?" मला सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तिचा धाकटा भाऊ सहावीत, माझ्याच वर्गात आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात स्नेहसंमेलनाचा सराव दिवेलागणीपर्यंत चालायचा. घरी जाताना तो बहिणीच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरायचा. मला वाटायचं, लाडका आहे. एक दिवस ओढणी सुटली आणि तो व्हरांड्याची पायरी चुकून थेट हापशीच्या कट्ट्यावर आपटला. कपाळ फुटलं. रक्त पुसता पुसता मी विचारलं, "दिसलं नाही का रे?" तर म्हणाला, "दिवस बुडल्यावर कोनालेच दिसत नाही न मॅडम?"

सगळ्यांचंच असं असतं, अशी त्याची समजूत होती. दहा वर्षांचा मुलगा, आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शाळेत डोळे तपासायला पथक येऊन गेलं होतं. अंगणात, लख्ख उन्हात तक्ता धरला होता, आणि त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला होता. त्याला जो आजार निघाला, त्यात समोरचं बरेच दिवस चांगलं दिसतं. आधी अंधार जातो, मग कडेचं जातं. दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या खिडक्या लावल्या, दोन दप्तरं वाटेत ठेवली आणि त्याला बाकांमधून चालायला सांगितलं. दोन्ही दप्तरांना तो अडखळला. तिसऱ्या बाकाशी हात पुढे करून नुसता उभा राहिला.

रातांधळेपणा म्हटलं की आपल्याकडे जीवनसत्त्व अ. त्याचे डोस झाले, शेवग्याचा पाला झाला, पपई झाली. काही फरक नाही. मग वडील त्याला नागपूरला घेऊन गेले. कागदावर 'रेटिनायटिस पिगमेंटोसा' लिहून आलं आणि तोंडी एवढंच सांगितलं गेलं, की इलाज नाही, घरी न्या. हा आजार जनुकाचा आहे, कोणतं जनुक बिघडलं ते रक्तावरून तपासता येतं, हे कोणी बोललं नाही. माणूस घरी आला आणि दोन बकऱ्या विकून कुठल्याशा थेंबांची बाटली घेऊन आला.

तेव्हापासून मी यावर मिळेल ते वाचते आहे. अमेरिकेतल्या डॉ. जीन बेनेट यांच्याबद्दल वाचलं आणि त्या थेंबांच्या बाटलीचा राग अजूनच वाढला. १९८० मध्ये त्यांनी बर्कलीला पीएच.डी. केली, १९८६ मध्ये हार्वर्डला डॉक्टर झाल्या. त्यांचे पती अल्बर्ट मॅग्वायर दृष्टिपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचे शल्यविशारद. दोघांनी जन्मजात अंधत्वाचा एक प्रकार घेतला आणि आयुष्य त्याच्यात घातलं. आरपीई६५ नावाचं जनुक बिघडलं की जीवनसत्त्व अ पोटात कितीही गेलं तरी डोळ्यातला कारखाना बंद राहतो. उजेड पडला की दृष्टिपटलातलं जे द्रव्य खर्च होतं, ते पुन्हा तयारच होत नाही. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत चांगलं जनुक भरायचं आणि सुईने दृष्टिपटलाखाली सोडायचं, एवढी ही कल्पना. हे वाचलं तेव्हा शेवग्याचा पाला कुठे कमी पडला असू शकतो, ते मला पहिल्यांदा कळलं.

पण एवढीशी कल्पना हाताशी यायला तीस वर्षं गेली. १९९९ मध्ये त्या काम करत होत्या त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, दुसऱ्या एका आजाराच्या जनुकोपचाराच्या चाचणीत १८ वर्षांचा एक मुलगा दगावला आणि हे सगळं क्षेत्रच संशयाखाली आलं. पुष्कळांनी तेव्हा वाट बदलली असेल. यांनी सोडलं नाही. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जन्मांध कुत्र्यांना दृष्टी आल्याचं प्रसिद्ध केलं. त्या संशोधनातली दोन कुत्री पुढे या नवरा-बायकोने घरी पाळली. माणसांवरची चाचणी सुरू व्हायला २००७ उजाडलं. आठ वर्षांच्या एका मुलाला इंजेक्शन दिल्यावर चौथ्या दिवशी तो प्राणिसंग्रहालयात गेला, वर पाहिलं आणि ऊन डोळ्यांना लागलं म्हणून ओरडला. औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर २०१७ मध्ये. आणि औषधाने गुण आला की नाही हे ठरवायची परीक्षा कोणती? जमिनीवर बाण, वाटेत अडथळे, उजेड कमी-कमी करत न्यायचा आणि रुग्णाला चालवायचं. मी दप्तरं ठेवून जे केलं, तेच, शास्त्रशुद्ध. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

खोटी आशा मला पसरवायची नाही. आमच्या मुलाचा आजार साठांहून अधिक जनुकांपैकी कोणत्याही एकाने होऊ शकतो, आणि हे औषध त्यातल्या एकावरच चालतं. पेशी जिवंत असेपर्यंतच चालतं. म्हणून तपासणीला उशीर नको. त्याचे आईवडील नात्यातले आहेत, मामाचीच मुलगी केलेली. आपल्याकडे घरोघरी ही रीत आहे आणि त्यात त्यांचा काही गुन्हा नाही. पण दोघांकडे एकच बिघडलेलं जनुक असलं तर चार मुलांत एकाला हा धोका, हे लग्नाआधी सांगणारं कोणी तरी हवं. आणि जनुकाची तपासणी निदान यवतमाळ, नागपूर, अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून फुकट व्हायला हवी.

किमतीचंही सांगते. औषध बाजारात आलं तेव्हा दोन डोळ्यांचे साडेआठ लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने पाच कोटींच्या वर. त्या २०१७-१८ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४३२० रुपये होता, म्हणजे बारा हजार क्विंटल कापूस. मुलाच्या वडिलांच्या चार एकर कोरडवाहूत बरं वर्ष असलं तर वीस क्विंटल निघतो. ते वर्ष तर गुलाबी बोंडअळीचं होतं. हे औषध कधी स्वस्त व्हायचं असेल तर ते काम इथे, आपल्या प्रयोगशाळांत, आपल्याच मुलांना करावं लागेल.

आणि डॉक्टर होण्यासाठी नीट असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बारावीनंतर आयसरची, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थांची, वेगळी प्रवेश परीक्षा असते, साधी बी.एस्सी. करूनही संशोधनात जाता येतं, हे आमच्या गावात कोणाला माहीत नाही. मलाही आत्ता शोधल्यावर कळलं. तेव्हा करिअरच्या पानावर एकदा अशा एका शास्त्रज्ञाचं अख्खं आयुष्य छापा, फसलेल्या वर्षांसकट. बारावीला कोणते विषय, पुढे कुठे, शिष्यवृत्ती किती, घर कसं चाललं, सगळं लिहा. ही मुलगी दर रविवारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून आपला अंक वाचते, भावाला मोठ्याने वाचून दाखवते, आणि ऊन असेपर्यंत दोघं घरी जातात.

मुलाची ओळख गावाबाहेर जाऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा,
ता. दिग्रस, जि. यवतमाळ