डिसेंबरनंतर सगळेच गप्प नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रशियात डिसेंबर १८२५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी झारविरुद्ध केलेल्या उठावावरचा लेख आवडला. सिनेट चौक, पाच जणांची फाशी, सैबेरियाची वाट, सगळे ओघात आले आहे. पण १८२५ नंतर झार निकोलसच्या धाकाने तिथले विचारवंत गप्प बसले, हा शेवटचा निष्कर्ष काही पटला नाही.

१८३६ साली मॉस्कोच्या 'टेलिस्कोप' या नियतकालिकात प्योत्र चादायेव यांचे 'तात्त्विक पत्र' निनावी छापून आले. आपण ना पूर्वेचे ना पश्चिमेचे, जगाच्या विचारात आपली काडीचीही भर नाही, असे त्यात रशियाबद्दल रोखठोक म्हटले होते. आणि लिहिणारा कोण, तर बोरोदिनोच्या रणात नेपोलियनशी लढलेला माजी लष्करी अधिकारी! झारने खटला भरण्याच्या भानगडीत न पडता त्याला सरळ वेडा ठरवले. घरातच नजरकैद, वर तपासणीला सरकारी डॉक्टर. नियतकालिक बंद पडले, संपादक नादेझ्दिन हद्दपार झाले, मजकूर पास करणाऱ्या सेन्सॉरचीही नोकरी गेली. ग्रिबोयेदोवच्या 'बुद्धीपायी दुःख' या नाटकात स्पष्टवक्त्या चात्स्कीला दिवाणखान्यातली मंडळी कुजबुजीतून असेच वेडे ठरवतात. ते नाटक तर या प्रकरणाच्या कितीतरी आधीचे!

चादायेवने यावर 'वेड्याचे समर्थन' लिहिले. डोळे मिटून, मान तुकवून, तोंड बंद ठेवून मायभूमीवर प्रेम करणे मला जमत नाही, असे त्यात तो म्हणतो. अशा माणसाला देशद्रोही म्हणणारे तेव्हाही कमी नव्हते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते कवी पुश्किनचे वागणे. चादायेव त्याचा तरुणपणापासूनचा मित्र, पण हे मत त्याला मान्य नव्हते. १९ ऑक्टोबर १८३६ रोजी त्याने फ्रेंचमध्ये लांबलचक उत्तर लिहिले. आपल्याकडे लोकमत नाही, न्यायाची आणि सत्याची चाड नाही, हे त्याने कबूल केले. तरीही पूर्वजांचा इतिहास कशाच्याही बदल्यात टाकणार नाही, असे शपथेवर सांगितले. एवढे लिहून पत्र धाडले मात्र नाही. मित्रावर सरकारचा रोष ओढवल्याचे कानावर आले होते. त्या पत्राच्या शेवटच्या पानावर त्याने एक स्कॉटिश म्हण टिपून ठेवली: कावळा कावळ्याचा डोळा फोडत नाही.

लेखकमहाशयांनी पुढच्या लेखात या प्रकरणालाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज